रिबिल्ड रखडलंय? आधी अडवतंय कोण ते बघा

‘डिस्क बदलली, आता स्क्रीनवर ५९१८ मिनिटं दाखवतंय. म्हणजे चार दिवस! हे असंच असतं का?’

लग्नाचे फोटो साठवणारे स्टुडिओ, डीटीपीवाले, सीएंची ऑफिसं, कॉलेजच्या लॅब अशा सगळीकडून हा प्रश्न जवळजवळ याच शब्दांत येतो. विचारणाऱ्याने तोवर कुठूनतरी मिळालेल्या दोन-तीन कमांड चालवून पाहिलेल्या असतात. एखाद्याचा वेग वाढतो, बहुतेकांचा वाढत नाही. वाढत नाही, कारण वेग कशामुळे अडला आहे हे न बघताच खटके फिरवलेले असतात.

हा लेख लिनक्सवर एमडीएडीएम वापरून सॉफ्टवेअर रेड चालवणाऱ्यांसाठी आहे. सिनॉलॉजी, क्यूनॅप यांच्या तयार पेट्या वापरणाऱ्यांनाही तो उपयोगी पडेल, कारण त्यांतल्या बहुतेकांच्या आतही लिनक्सची हीच यंत्रणा असते. कमांड आणि फाइलींची नावं इथे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं वापरा आणि प्रत्येक कमांड आधी मॅन पेजवर ताडून घ्या. हे सगळं ‘रूट’ म्हणून करायचं असतं. तिथे एका चुकीच्या अक्षराची किंमत मोठी असते.

हे रिबिल्डच आहे ना?

‘/प्रोक/एमडीस्टॅट’ ही फाइल उघडा. तुमच्या अ‍ॅरेखाली चौकटी कंसात ‘यूयूयू_’ असं काहीतरी दिसेल. प्रत्येक ‘यू’ म्हणजे एक धडधाकट डिस्क आणि खालची रेघ म्हणजे गैरहजर डिस्क. त्याखालच्या ओळीत कुठला शब्द आहे ते नीट वाचा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं.

- रिकव्हरी: नव्या डिस्कवर माहिती नव्याने उभी केली जात आहे. हेच आपलं रिबिल्ड.
- रीसिंक: सगळ्या डिस्क हजर आहेत. मशीन अचानक बंद पडल्यामुळे त्यांचा आपसातला ताळमेळ पुन्हा बसवला जातो आहे.
- चेक: नेहमीची तपासणी. डेबियन आणि उबुंटूवर ती महिन्याच्या पहिल्या रविवारी आपोआप सुरू होते. सोमवारी सकाळी ऑफिस उघडल्यावर ‘रेड बिघडलं’ म्हणून येणारे निम्मे फोन याचेच. कामात अडथळा येत असेल तर त्या अ‍ॅरेच्या ‘सिंक_अ‍ॅक्शन’ फाइलमध्ये ‘आयडल’ लिहिलं की ती थांबते.
- डिलेड: याच डिस्कच्या दुसऱ्या पार्टिशनवरचा दुसरा अ‍ॅरे आधी पूर्ण होतो आहे आणि हा रांगेत उभा आहे. काहीही करू नका. दोन्ही एकदम चालवले तर डिस्कचं हेड इकडून तिकडे धावत राहील आणि दोघांनाही उशीर होईल.
- पेंडिंग: अ‍ॅरे सध्या फक्त वाचण्यापुरता उघडला आहे. पहिलं लेखन झालं, किंवा तुम्ही ‘रीडराइट’ पर्याय दिलात, की काम सुरू होतं.

किती वेळ लागणं वाजवी आहे?

हिशेब सोपा आहे. फिरत्या हार्ड डिस्कचा सरासरी वेग सेकंदाला १५० एमबी धरला, तर ४ टीबीची डिस्क भरायला साडेसात तास लागतात. १६ टीबीच्या नव्या डिस्कला २०० एमबीचा वेग धरूनही जवळपास बावीस तास. ‘माझा डेटा तर तीनशे जीबीच आहे,’ असं बरेच जण म्हणतात. त्याने फरक पडत नाही. एमडी, म्हणजे लिनक्सची ही रेड यंत्रणा, फाइलसिस्टिमच्या खालच्या थरावर काम करते. कुठला ब्लॉक भरलेला आणि कुठला रिकामा हे तिला कळत नाही, म्हणून ती अख्खी डिस्क लिहिते. (झेडएफएस फक्त वापरलेले ब्लॉक उतरवतं, पण तो वेगळा संसार आहे.)

आणखी एक गोष्ट. डिस्कच्या बाहेरच्या कडेला वेग जास्त असतो आणि आत जाताना तो साधारण निम्म्यावर येतो. ऐंशी टक्के झाल्यावर आकडा घसरला म्हणून घाबरू नका. तुमचा वेग या हिशेबाच्या आसपास असेल तर लेख इथेच ठेवा आणि अ‍ॅरेला त्याचं काम करू द्या. १ टीबीला दहा तास लागत असतील तर पुढे वाचा.

वेगाआधी दोन कामं

रिबिल्ड चालू असताना रेड ५ मध्ये तुम्हाला कसलंही संरक्षण उरलेलं नसतं. उरलेली प्रत्येक डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटपर्यंत वाचावी लागते, आणि त्यातल्या बहुतेक डिस्क गेलेल्या डिस्कसोबत एकाच दिवशी, एकाच दुकानातून आलेल्या असतात. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात न वाचता येणाऱ्या सेक्टरचं प्रमाण १०^१४ बिटांमागे एक असं दिलेलं असतं, म्हणजे साडेबारा टीबी वाचनामागे एक. प्रत्यक्षात डिस्क सहसा यापेक्षा बऱ्या वागतात. तरीही पैज लावण्याची ही जागा नव्हे.

- आधी प्रत: बॅकअप नसेल तर नवी डिस्क घालण्याआधीच सगळ्यात महत्त्वाच्या फाइली बाहेर काढा. रिबिल्ड आधीच सुरू झालं असेल तर त्याचा वरचा वेग तात्पुरता कमी करा (कसा, ते पुढे मर्यादांच्या भागात आहे) आणि प्रत घ्या. रिबिल्ड चार तास उशिरा संपलं तरी चालेल.
- यूपीएस: डिस्क कमी असलेल्या रेड ५ किंवा ६ चा वीजप्रवाह मध्येच तुटला, तर पुढच्या वेळी कर्नल तो अ‍ॅरे उघडायला सरळ नकार देऊ शकतो, कारण शेवटचं लेखन पुरतं झालं की अर्धवट राहिलं हे त्याला ठरवता येत नाही. मग ‘फोर्स’ वापरून उघडावा लागतो, आणि काही फाइली गडबडलेल्या निघू शकतात. व्यवस्थित शटडाउन केलं तर मात्र काम थांबलं होतं तिथून पुढे सुरू होतं.

वळवाच्या दिवसांत संध्याकाळी चारला रिबिल्ड सुरू करणारे धाडसी लोक मी पाहिले आहेत. तुम्ही त्यांच्यात जाऊ नका.

अडवतंय कोण?

मागे एका फोटो स्टुडिओत बोलावणं आलं. ४ टीबीच्या चार डिस्क, रेड ५, त्यातली एक बदललेली. वेग सेकंदाला ११ एमबी, म्हणजे सुरुवातीला सांगितलेली ती ५९१८ मिनिटं. स्टुडिओतल्या मुलाने किमान मर्यादा वाढवून पाहिली होती, कॅशे वाढवून पाहिली होती, आकडा ढिम्म. मी ‘आयओस्टॅट’ विस्तारित पर्यायासह दर पाच सेकंदांनी चालवलं. तीन डिस्क ‘युटिल’च्या रकान्यात पाच-सात टक्क्यांवर, जवळजवळ झोपलेल्या. चौथी सतत शंभरच्या आसपास, आणि तिचा ‘अवेट’ बाकीच्यांच्या कितीतरी पट. म्हणजे तिघी चौथीची वाट बघत बसल्या होत्या.

‘डीमेसेज’मध्ये त्या पोर्टचे एकामागून एक रिसेट दिसत होते आणि ६ गिगाबिटची जोडणी घसरून १.५ वर आली होती. ‘स्मार्टकंट्रोल’ने त्या डिस्कची नोंद काढली. १९९ क्रमांकाची ओळ, म्हणजे सीआरसी चुकांची मोजणी, दहा मिनिटांत चाळीसने वाढली. सेक्टरच्या ओळी मात्र स्वच्छ. डिस्क ठणठणीत होती, बिघडली होती ती साटा केबल. डिस्क बदलताना शेजारची केबल दुमडली गेली होती आणि कॅबिनेटचं झाकण तिला दाबत होतं. मशीन रीतसर बंद करून केबल बदलली. पुन्हा सुरू केल्यावर वेग १४० एमबी. काम त्याच रात्री संपलं.

म्हणून कुठलाही खटका फिरवण्याआधी हे बघा:

१. ‘आयओस्टॅट’मध्ये एकच डिस्क शंभर टक्क्यांवर आहे, की सगळ्या सारख्या? एकच असेल तर दोष त्या डिस्कमध्ये, तिच्या केबलमध्ये किंवा पोर्टमध्ये शोधा.
२. स्मार्ट नोंदीत ५, १९७ आणि १९८ या ओळी शून्यावर आहेत का? १९७ म्हणजे डिस्कला वाचता न आल्यामुळे ‘बघू’ म्हणून बाजूला ठेवलेले सेक्टर. उरलेल्या डिस्कपैकी एकीवरही हा आकडा वाढत असेल तर वेगाचा विषय संपला; आता फक्त डेटा वाचवायचा आहे.
३. फक्त १९९ वाढतो आहे? केबल बदला.
४. सगळ्या डिस्क व्यग्र आहेत आणि तरी वेग कमी? मग दुसरं कुणीतरी अ‍ॅरे वापरतं आहे. ‘आयओटॉप’ नाव सांगेल. सहसा तो रात्रीचा बॅकअप, सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग किंवा फोटोंचे थंबनेल बनवणारा प्रोग्रॅम असतो. तो थांबवला तर बहुतेक वेळा पुढचं काहीच करावं लागत नाही.
५. सगळ्या डिस्क निवांत, दुसरं कामही नाही, आणि तरी वेग एका ठरावीक आकड्यावर अडून बसलाय? आता मर्यादा तपासायची.

डिस्क यूएसबीच्या पेटीत असतील तर आधी ती पेटी कुठल्या पोर्टला लावली आहे ते बघा. जुन्या यूएसबी २ पोर्टवर सगळ्या डिस्कना मिळून सेकंदाला तीस-चाळीस एमबी मिळतात, आणि कुठलीही कमांड ते वाढवू शकत नाही.

किमान आणि कमाल: गोंधळ इथेच होतो

कर्नलमध्ये दोन मर्यादा असतात: ‘स्पीड_लिमिट_मिन’ आणि ‘स्पीड_लिमिट_मॅक्स’. दोन्ही ‘/प्रोक/सिस/डेव्ह/रेड’ या फोल्डरमध्ये सापडतात. मूळ किमान मर्यादा १०००, कमाल २,००,०००. एकक सेकंदाला किलोबाइट, आणि तेही एका डिस्कमागे.

लोक कमाल वाढवतात आणि फरक पडत नाही म्हणून वैतागतात. कमाल मर्यादा लागू होते ती अ‍ॅरेवर दुसरं काही काम नसताना, आणि बहुतेक फिरत्या डिस्कचा सरासरी वेग २०० एमबीच्या आतच असतो. म्हणजे साध्या हार्ड डिस्कला तो अडसर क्वचितच होतो. एसएसडीचा अ‍ॅरे असेल तर मात्र कमाल जरूर वाढवा. तिथे ती खरोखर आड येते.

इतर वाचन-लेखन चालू झालं की कर्नल सभ्यपणे मागे सरतो आणि रिबिल्डला किमान मर्यादेपर्यंत खाली आणू शकतो. १००० केबीच्या वेगाने ४ टीबी भरायला पंचेचाळीस दिवस लागतील! म्हणून वापरात असलेल्या सर्व्हरवर वाढवायची ती किमान मर्यादा. मी सुरुवातीला ५०,००० ठेवतो. ऑफिस बंद झाल्यावर १,००,०००. दिवसा लोक ‘फाइल उघडत नाही’ म्हणून ओरडायला लागले की परत खाली.

- हा बदल ‘सिसकंट्रोल’ने केला तर सगळ्या अ‍ॅरेंना लागू होतो. एकाच अ‍ॅरेसाठी हवा असेल तर त्याच्या ‘एमडी’ फोल्डरमधल्या ‘सिंक_स्पीड_मिन’ आणि ‘सिंक_स्पीड_मॅक्स’ या फाइली वापरा. तिथे ‘सिस्टम’ असं लिहिलं की मूळ मर्यादा परत येते.
- मशीन रीबूट झालं की हे आकडे पुसले जातात. रिबिल्डपुरतं हेच बरं आहे. कायमचे लिहून ठेवू नका.
- सिनॉलॉजीवर हेच काम स्टोरेज मॅनेजरमधल्या रीसिंक वेगाच्या पर्यायातून होतं. टर्मिनलमध्ये शिरायची गरज नाही.

स्ट्राइप कॅशे आणि बाकीचे खटके

रेड ५ आणि ६ मध्ये पॅरिटीचं गणित करायला कर्नल थोडी मेमरी राखून ठेवतो. त्या अ‍ॅरेच्या ‘स्ट्राइप_कॅशे_साइझ’ फाइलमध्ये मूळ आकडा २५६ असतो आणि तो ३२,७६८ पर्यंत नेता येतो. लोक हौसेने थेट शेवटचा आकडा टाकतात. मेमरीचा हिशेब करा: आकडा गुणिले ४ केबी गुणिले डिस्कची संख्या. चार डिस्कना ८१९२ ठेवलं तर १२८ एमबी जातात, ते परवडतं. आठ डिस्कना ३२,७६८ ठेवलं तर पूर्ण १ जीबी, आणि २ जीबी मेमरीच्या छोट्या नॅसचा तिथेच श्वास कोंडतो. १०२४, मग ४०९६ असं चढत जा, दर वेळी पाच मिनिटं वेग बघा आणि फायदा थांबला की तुम्हीही थांबा. रेड १ आणि १० मध्ये पॅरिटी नसते, त्यामुळे ही फाइलही नसते. ती सापडत नाही म्हणून शोधत बसू नका.

प्रोसेसरचा एकच कोअर शंभर टक्क्यांवर गेलेला दिसला तर ‘ग्रुप_थ्रेड_काउंट’ वाढवून पॅरिटीचं काम अनेक कोअरमध्ये वाटता येतं. त्याचा उपयोग एसएसडींच्या अ‍ॅरेवर जाणवतो. रीड-अहेड वाढवा, एनसीक्यू बंद करा असले सल्लेही सगळीकडे फिरतात. रिबिल्डच्या वेगात त्यांचा ठळक फरक मला तरी दिसलेला नाही.

डिस्कच चुकीच्या जातीची असेल तर

काही हार्ड डिस्कमध्ये लेखनाच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात. त्यांना एसएमआर म्हणतात. एक पट्टी बदलायची तर शेजारच्याही पुन्हा लिहाव्या लागतात. रोजच्या हलक्या वापरात हे जाणवत नाही, पण रिबिल्डसारखं तासन्‌तास चालणारं लेखन आलं की वेग कोसळतो, आणि कधी कधी डिस्क इतकी गप्प होते की ती मेली असं समजून अ‍ॅरे तिला बाहेर काढतो. २०२० मध्ये उघड झालं की वेस्टर्न डिजिटलच्या नॅससाठी विकल्या जाणाऱ्या ‘रेड’ मालिकेतल्या (हा रंगाचा रेड, आपला नव्हे) २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर होत्या. त्यानंतर कंपनीने जुन्या पद्धतीच्या, म्हणजे सीएमआर डिस्क ‘रेड प्लस’ या नावाने वेगळ्या केल्या. दुकानात ‘नॅसची डिस्क द्या’ एवढंच सांगू नका. मॉडेल क्रमांक लिहून घ्या, कंपनीच्या यादीत ती सीएमआर आहे का बघा, मगच पैसे द्या.

दुसरी अडचण डेस्कटॉपसाठीच्या डिस्कची. खराब सेक्टर लागला की त्या तो वाचण्याचा एकेक-दोन दोन मिनिटं हट्ट धरतात. लिनक्स मात्र तीस सेकंद थांबतं आणि डिस्क अडकली असं समजून तिला रिसेट करतं. उपाय दोन. डिस्कला जमत असेल तर ‘स्मार्टकंट्रोल’मधून ‘एससीटी ईआरसी’ची मुदत ७० ठेवा, म्हणजे सात सेकंद. जमत नसेल तर त्या डिस्कची ‘टाइमआउट’ फाइल १८० करा. रिबिल्ड अर्ध्यात पुन्हा पुन्हा कोसळत असेल तर आधी हेच बघा.

हे करू नका

- ‘क्रिएट’ कमांडने अ‍ॅरे ‘परत बनवू’ नका. डिस्कचा क्रम किंवा आतली मोजमापं जराही चुकली की शाबूत असलेला डेटाही हातचा जातो. बंद पडलेला अ‍ॅरे ‘असेंबल’ने उघडतात.
- सीरियल नंबर न बघता डिस्क उपसू नका. ‘एसडीसी’ हे नाव रीबूटनंतर बदलू शकतं. डिस्कवर छापलेला नंबर बदलत नाही.
- सुटलेल्या डिस्कचा सुपरब्लॉक पुसायची घाई करू नका. डिस्क फक्त केबलमुळे सुटली असेल आणि अ‍ॅरेवर राइट-इंटेंट बिटमॅप असेल, तर ‘री-अ‍ॅड’ केल्यावर मधल्या काळात बदललेला भागच भरला जातो. जे काम आठ तासांचं झालं असतं ते काही मिनिटांत उरकतं. सुपरब्लॉक पुसलात की ती डिस्क अ‍ॅरेला परकी, मग पूर्ण रिबिल्ड अटळ.
- वेगासाठी बिटमॅप काढलात तर काम संपताच परत लावा. तसाच राहिला, तर पुढच्या वेळी वीज गेल्यावर अख्खा अ‍ॅरे पुन्हा तपासत बसावं लागतं.
- कुरकुरणारी, पण अजून चालू असलेली डिस्क ‘फेल’ करू नका. पोर्ट मोकळा असेल तर नवी डिस्क शेजारी जोडा आणि ‘रिप्लेस’ पर्याय वापरा. जुनीवरून थेट नवीवर प्रत होते, जुनी जिथे वाचता येत नाही तेवढ्याच जागी बाकीच्या डिस्क मदतीला येतात, आणि या सगळ्या वेळात संरक्षण शाबूत राहतं.

वॉरंटी आणि तुमचे हक्क

वॉरंटी डिस्कच्या सीरियल नंबरवर असते. कंपनीच्या साइटवर तो टाकून मुदत तपासा. दुकानदाराने ‘एकच वर्ष’ म्हटलं असेल, पण खरी मुदत तीन किंवा पाच वर्षं निघू शकते. वॉरंटीत बदलून मिळते ती डिस्क. डेटाची जबाबदारी कुठलीच कंपनी घेत नाही.

दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. तरीही भागलं नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचं शुल्क लागत नाही. धंद्यासाठी घेतलेली वस्तू या कायद्याबाहेर आहे. मात्र स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वतः काम करण्यासाठी घेतलेल्या वस्तूला कायद्यानेच सूट दिली आहे. एकट्याने स्टुडिओ चालवणाऱ्याने ‘मी व्यावसायिक आहे, माझं कोण ऐकणार’ असं म्हणून बिल फाडून टाकू नये.

परत पाठवायच्या डिस्कवर गिऱ्हाइकांची किंवा रुग्णांची माहिती उघडी असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: वॉरंटी सोडा, डिस्क पाठवू नका. अ‍ॅरे लक्सने एनक्रिप्ट केलेला असेल तर खुशाल पाठवा.

आणि आजच एक काम

एमडीएडीएमच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘मेलअ‍ॅड्रेस’ची ओळ असते. तिथे तुमचा पत्ता घाला आणि ‘मॉनिटर’ला ‘स्कॅन’, ‘वनशॉट’ आणि ‘टेस्ट’ हे पर्याय देऊन चाचणीचा मेल पाठवून बघा. तो खरोखर फोनवर आला पाहिजे. बऱ्याच सर्व्हरवर हा मेल ‘रूट’च्या स्थानिक पेटीत जाऊन पडतो आणि तिथे तो कुणीही उघडत नाही. दोन-दोन डिस्क गेलेले जे अ‍ॅरे मी पाहिले, त्यांपैकी एकात पहिली डिस्क सात महिन्यांपूर्वीच गेली होती.